मेनफ्रेमवरील लिनक्स व सामायिक साठवण

मेनफ्रेमवरील लिनक्स व सामायिक साठवण : मेनफ्रेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या संगणकावर लिनक्स ही परिचालन प्रणाली चालवून, अनेक संगणकांना समान उपलब्ध असलेल्या जाळ्यावरील साठवण-साधनांशी तिची जोडणी करण्याची पद्धती. बँका, विमासंस्था, विमान कंपन्या व शासकीय खाती यांचे मूळ हिशेब दीर्घकाळ मेनफ्रेमवर ठेवले जात आले आहेत. दुसऱ्या बाजूस फाइलींची देवघेव, वितरण व जतन यांसाठी जाळ्यावरील साठवणीची स्वतंत्र परंपरा लहान संगणकांच्या जगात वाढली. या दोन परंपरा १९९९ नंतर लिनक्सच्या निमित्ताने एकाच यंत्रात येऊन भेटल्या. त्यांना जोडणारी तार तुलनेने लवकर सिद्ध झाली. परंतु सामायिक तबकडीवर लिहिण्याचा अधिकार कोणाचा व तो कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न सुटण्यास अधिक काळ लागला. या विषयाचा इतिहास हा मुख्यतः त्या प्रश्नाचा इतिहास होय. [⟶ संगणक].

चॅनल परंपरा : इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स (यापुढे आयबीएम) या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक या संगणकाबरोबर पहिले व्यापारी तबकडी-साधन उपलब्ध करून दिले. सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्यांच्या या साधनात ५० लक्ष अक्षरे मावत. ७ एप्रिल १९६४ रोजी या कंपनीने सिस्टिम/३६० ही संगणकमाला जाहीर केली. जीन ॲम्डाल, गेरिट ब्लाऊ व फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आखलेल्या या मालेच्या रचनेत साठवणीच्या दृष्टीने महत्त्वाचा घटक म्हणजे चॅनल होय. चॅनल हा स्वतःच एक लहान, विशेष कामाचा संस्कारक असतो. मुख्य संस्कारक त्याला आज्ञांची एक साखळी सोपवितो आणि आपल्या गणिताकडे वळतो. तबकडी शोधणे, वाचणे व लिहिणे ही कामे चॅनल परस्पर पार पाडतो आणि काम संपल्यावर तशी सूचना देतो. मेनफ्रेमवर एकाच वेळी अनेक कामे सुरळीत चालण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. सोव्हिएट संघ व त्याचे सहकारी देश यांनी तयार केलेली ईएस संगणकमाला याच रचनेवर आधारलेली होती. तिच्यातील ईसी-१०३० हा संगणक १९७० नंतरच्या दशकात मुंबईतील पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत बसविण्यात आला होता.

या परंपरेतील तबकडीवरील नोंदींची मांडणीही वेगळी होती. प्रत्येक नोंदीचे क्रमदर्शक भाग, सूचक व प्रत्यक्ष माहिती असे तीन भाग असत आणि नोंदींची लांबी कमीजास्त ठेवता येई. त्या काळी मुख्य स्मृती फार महाग असल्याने सूचकाचा शोध घेण्याचे काम तबकडी-साधनावर टाकणे फायद्याचे ठरे. १९८९ मधील ३३९० या तबकडीपर्यंत ही मांडणी टिकून राहिली. पुढे तबकड्यांचे प्रत्यक्ष स्वरूप पूर्णपणे बदलले, तरीही साठवण-साधने मेनफ्रेमपुढे ३३९० चेच रूप धारण करीत राहिली.

प्रारंभी चॅनल व साधन यांच्यामध्ये ‘बस’ आणि ‘टॅग’ नावांच्या जाड तांब्याच्या केबलींची जोडी असे. तिची लांबी सु. ६० मी.पर्यंत व नंतरच्या सुधारणेमुळे सु. १२० मी.पर्यंत नेता येई. १९९० मध्ये एस्कॉन ही प्रकाशीय तंतूंवर आधारलेली पद्धती आली. तीमुळे दर सेकंदास सु. १७ मेगाबाइट माहिती काही किलोमीटर अंतरावर पाठविता येऊ लागली. १९९८ मध्ये फायकॉन ही अधिक वेगवान पद्धती सुरू झाली. फायकॉनने फायबर चॅनल या खुल्या मानकाचे भौतिक स्तर स्वीकारले. पुढील घडामोडींच्या दृष्टीने ही बाब निर्णायक ठरली.

तबकडी सामायिक ठेवणे मेनफ्रेमला नवे नव्हते. दोन संगणक एकाच तबकडीस जोडता येत आणि एकाने ती राखून ठेवण्याची आज्ञा दिली म्हणजे दुसऱ्यास मुक्ततेपर्यंत थांबावे लागे. १९९४ मध्ये आलेल्या पॅरलल सिसप्लेक्स या व्यवस्थेत अनेक मेनफ्रेम एकच माहितीसाठा परस्पर समन्वयाने वापरू लागले. मात्र कोणता संगणक कोणत्या चॅनलने कोणत्या तबकडीपर्यंत पोहोचणार, हे आदान-प्रदान रचनेच्या एका कोष्टकात अगोदर नोंदवावे लागे. कोष्टकात नोंद नसलेले साधन प्रणालीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसे. अधिकार असा केंद्रातून ठरविला जाई.

आभासी यंत्रे : आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील विज्ञान केंद्रात रॉबर्ट क्रीसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात सीपी-४० व सीपी-६७ या नियंत्रक प्रणाली तयार केल्या. त्यांच्यापासून १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली सिद्ध झाली. या प्रणालीत एका प्रत्यक्ष संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालतात आणि प्रत्येकास आपण स्वतंत्र संगणक आहोत असे भासते. प्रत्यक्ष तबकडीचे काही भाग पाडून ते वेगवेगळ्या आभासी यंत्रांना ‘लघुतबकडी’ म्हणून देता येतात. एखादी लघुतबकडी केवळ वाचण्यासाठी अनेकांना व लिहिण्यासाठी एकालाच देण्याची सोयही तीत होती. पुढे मेनफ्रेमवर लिनक्स आले, ते बहुतांशी याच प्रणालीच्या आश्रयाने.

जाळ्यावरील साठवण : लहान संगणकांच्या जगात साठवणीची वाट निराळी होती. १९८६ मध्ये अमेरिकन राष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेल्या स्कझी पद्धतीत तबकडी म्हणजे सारख्या लांबीच्या, क्रमांक दिलेल्या खंडांची एक रांग असते. नोंद शोधणे हे तबकडीचे काम नसून संगणकाचे असते. स्कझीच्या मूळ केबली आखूड होत्या. १९९४ मध्ये फायबर चॅनलचे मूलभूत मानक मान्य झाल्यावर स्कझीच्या आज्ञा प्रकाशीय तंतूंवरून पाठविणे शक्य झाले. मध्ये स्विच बसवून अनेक संगणक व अनेक तबकडी-साधने यांचे एक जाळे तयार करता येऊ लागले. या जाळ्यातील प्रत्येक द्वारास ६४ बिटांचा, जगात एकमेव असा ओळखक्रमांक असतो. कोणते द्वार कोणत्या द्वाराशी बोलू शकेल हे स्विचवर, तर कोणत्या ओळखक्रमांकास कोणता साठवण-विभाग दाखवावयाचा हे साठवण-साधनावर ठरविले जाते. येथे अधिकार मध्यवर्ती कोष्टकातून मिळत नाही. तो विचारणाऱ्याच्या ओळखीवरून ठरतो.

याखेरीज खंडांऐवजी फाइलीच सामायिक करण्याची दुसरी पद्धती होती. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये तयार केलेली नेटवर्क फाइल सिस्टिम (यापुढे एनएफएस) ही तिचे प्रमुख उदाहरण होय. तीत तबकडी एकाच सर्व्हरच्या ताब्यात असते. इतर संगणक फाइल वाचण्याची वा लिहिण्याची विनंती जाळ्यावरून करतात आणि सर्व्हर त्या विनंत्यांची व्यवस्था लावतो.

या दोन पद्धतींतील भेद मूलभूत आहे. सामान्य फाइल-व्यवस्था आपण या तबकडीचे एकमेव मालक आहोत असे गृहीत धरते. कोणते खंड मोकळे आहेत याची यादी व नुकतीच वाचलेली माहिती ती आपल्या स्मृतीत बाळगते. अशी एकच तबकडी दोन संगणकांनी एकाच वेळी लिहिण्यासाठी उघडली, तर दोघेही तोच खंड मोकळा समजून त्यावर भिन्न मजकूर लिहू शकतात. एकाच खतावणीत दोन कारकुनांनी परस्परांस न कळविता आपापल्या आठवणीतील शिलकेवरून नोंदी कराव्यात, तसा हा प्रकार होय. त्या क्षणी कोणताही दोष दर्शविला जात नाही. पुष्कळदा हानी काही दिवसांनी, जुनी फाइल उघडताना उघडकीस येते. तबकडी जोडली जाणे व तबकडी सामायिक होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे जाणकार वारंवार बजावतात ते याच कारणाने.

लिनक्सचे आगमन : फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. तो मेनफ्रेमवर आणण्याचा पहिला प्रयत्न लायनस व्हेपस्टास यांनी १९९८ मध्ये ‘बिगफुट’ या नावाने आरंभिला. तो कंपनीबाहेरील स्वयंसेवी प्रयत्न होता. दरम्यान जर्मनीतील बब्‌लिंगेन येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे काम चालू होते. १८ डिसेंबर १९९९ रोजी लिनक्सच्या २.२.१३ या आवृत्तीसाठीच्या सुधारणा आयबीएमने प्रसिद्ध केल्या. सन २००० मध्ये सुसे या जर्मन कंपनीने मेनफ्रेमसाठी लिनक्सचा व्यापारी संच उपलब्ध केला. त्याच वर्षी आयबीएमने झेड९०० हा ६४ बिटांचा मेनफ्रेम जाहीर केला. याच सुमारास व्हीएम प्रणालीखाली केलेल्या एका प्रयोगात एकाच यंत्रावर लिनक्सच्या ४१,४०० प्रती सुरू करण्यात आल्या. या आकड्याने लक्ष वेधले, तसा एक व्यावहारिक प्रश्नही पुढे आला. इतक्या प्रतींना तबकड्या कोठून व कशा पुरवावयाच्या?

प्रारंभी लिनक्सने मेनफ्रेमची जुनीच वाट धरली. त्यासाठीच्या चालक आज्ञावलीने चॅनलच्या आज्ञासाखळ्या रचून ३३९० तबकड्या वाचण्याची सोय केली. या मार्गाचा मोठा लाभ म्हणजे तबकडीची मांडणी मेनफ्रेमच्या मूळ प्रणालीस ओळखता येईल अशी ठेवता येई. त्यामुळे प्रचलित साधनांनीच तिच्या प्रती काढून जतन करता येत. परंतु लिनक्सला सारख्या लांबीचे खंड हवे असत आणि ३३९० ची मांडणी त्यासाठी आखलेली नव्हती. तिच्या एका मार्गिकेत ५६,६६४ बाइट मावतात. लिनक्सच्या ४,०९६ बाइटांच्या खंडांत ती विभागली असता बाराच खंड, म्हणजे ४९,१५२ बाइट उपयोगी पडतात. अशा रीतीने सु. १३ टक्के जागा वाया जाते. शिवाय त्या काळी रूढ असलेले तबकडी-विभाग सु. २.८ व ८.५ गिगाबाइटांचे होते. मोठ्या माहितीसाठ्यासाठी असे अनेक विभाग एकत्र बांधावे लागत. एका तबकडीवर एका वेळी एकच आदान-प्रदान क्रिया होऊ शके, हीदेखील अडचण होती. १९९९ मधील साठवण-साधनांत एका तबकडीस अनेक पर्यायी पत्ते देऊन ती कमी करण्यात आली; मात्र त्यासाठी रचनेतील नोंदी वाढल्या.

ज्यांना केवळ फाइली सामायिक करावयाच्या होत्या त्यांनी एनएफएसचा मार्ग धरला. मेनफ्रेमच्या मूळ प्रणालीवरही एनएफएस सर्व्हर चालविता येत असल्याने तिच्यावरील माहिती लिनक्सला जाळ्यावरून वाचता येई. २००१ मध्ये उपलब्ध झालेल्या हायपरसॉकेट्स या सोयीमुळे एकाच यंत्रातील दोन प्रणालींमधील जाळे प्रत्यक्ष केबलीऐवजी यंत्राच्या स्मृतीतूनच चालू लागले.

फायबर चॅनल जोडणी : पुढील टप्पा म्हणजे मेनफ्रेमवरील लिनक्सला खुल्या साठवण-जाळ्यात थेट प्रवेश देणे. फायकॉनसाठी वापरले जाणारे जोडणी-कार्डच स्कझीच्या आज्ञा वाहून नेण्यासाठी योजता येईल, अशी व्यवस्था झेडसीरीज यंत्रांवर करण्यात आली. बब्‌लिंगेनच्या अभियंत्यांनी तिचे वर्णन २००२ मध्ये आयबीएमच्या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध केले. या पद्धतीत दर क्रियेसाठी चॅनलची आज्ञासाखळी रचली जात नाही. प्रणाली व कार्ड या दोघांना दिसणाऱ्या स्मृतीतील रांगांमध्ये विनंत्या मांडल्या जातात. लिनक्सच्या बाजूने हे काम झेडएफसीपी ही चालक आज्ञावली करते. त्यामुळे इतर संगणक वापरीत असलेले स्विच व साठवण-साधने मेनफ्रेमवरील लिनक्सलाही उपलब्ध झाली; तबकडीच्या आकारमानावरील ३३९० ची मर्यादा सुटली आणि एका विभागावर एकाच वेळी अनेक क्रिया चालविता येऊ लागल्या.

या सोयीबरोबर जबाबदारीही सरकली. चॅनल मार्गात तबकडीचा पत्ता म्हणजे चार षोडशमान अंकांचा एक क्रमांक असे. नव्या मार्गात तीन गोष्टी सांगाव्या लागत : मेनफ्रेमवरील जोडणीचा क्रमांक, साठवण-साधनाच्या द्वाराचा सोळा अंकी ओळखक्रमांक आणि साठवण-विभागाचा सोळा अंकी क्रमांक. एक मार्ग बंद पडल्यास दुसरा धरण्याचे काम चॅनल मार्गात यंत्र स्वतः करी. नव्या मार्गात ते लिनक्सवरील बहुपथ आज्ञावलीकडे आले. मेनफ्रेमच्या मूळ प्रणालीस हे नवे विभाग वापरता येत नसल्याने जतनाची व्यवस्थाही वेगळी करावी लागे. म्हणून कित्येक संस्थांनी प्रणालीच्या फाइली ३३९० तबकड्यांवर व मोठा माहितीसाठा स्कझी विभागांवर, असा मध्यम मार्ग पत्करला.

ओळखीचा प्रश्न : नव्या मार्गातील खरी अडचण मेनफ्रेमच्या मूळ गुणातूनच उद्भवली. मेनफ्रेमवर एक जोडणी-कार्ड अनेक प्रणालींत वाटून घेतले जाते. खुल्या जाळ्यात मात्र एक द्वार म्हणजे एक संगणक असे गृहीत धरलेले होते. परिणामी एकाच कार्डामागे असलेल्या सर्व लिनक्स प्रती एकाच ओळखक्रमांकाने जाळ्यात वावरत. साठवण-साधनाला त्यांच्यात भेद करता येत नसे. एका प्रतीस दाखविलेला विभाग त्याच कार्डामागील इतर प्रतींच्याही आवाक्यात येई. एका संस्थेचा वेतनाचा साठा व दुसऱ्या विभागाची चाचणी-प्रणाली एकाच कार्डामागे असतील, तर एका चुकीच्या क्रमांकाने अनर्थ घडण्याची शक्यता होती. यावर प्रथम मेनफ्रेमवरच कोणती प्रत कोणता विभाग उघडू शकते याचे कोष्टक ठेवण्याचा उपाय योजण्यात आला. जुन्या परंपरेस तो साजेसा असला, तरी साठवण-जाळ्याच्या व्यवस्थापकांच्या दृष्टीने एकच माहिती दोन ठिकाणी सांभाळण्याचा तो खटाटोप होता.

अधिक समाधानकारक उत्तर एनपीआयव्ही या तंत्राने दिले. या तंत्राने एका प्रत्यक्ष द्वारास जाळ्यात अनेक ओळखक्रमांक घेता येतात. २००५ मधील झेड९ या मेनफ्रेमवर ते उपलब्ध झाले. तेव्हापासून प्रत्येक लिनक्स प्रत, कार्ड सामायिक असले तरी, स्वतःच्या ओळखक्रमांकाने साठवण-जाळ्यापुढे उभी राहू लागली. स्विच व साठवण-साधन यांवरील नेहमीचे निर्बंध तिला स्वतंत्रपणे लागू करता आले. मेनफ्रेमची वाटून घेण्याची रीत आणि खुल्या जाळ्याची ओळखीवर अधिकार देण्याची रीत यांचा मेळ येथे बसला.

सामायिक लेखन : ओळख पटल्याने नको असलेल्यास दूर ठेवता येते, परंतु दोन अधिकृत प्रतींना एकाच विभागावर लिहावयाचे असल्यास वेगळी व्यवस्था लागते. यासाठी समूह फाइल-व्यवस्था वापरतात. तीत सहभागी संगणक कोणताही खंड बदलण्यापूर्वी परस्परांकडून कुलपाची परवानगी घेतात आणि प्रतिसाद न देणाऱ्या संगणकास समूहाबाहेर काढतात. अशा ओसीएफएस२ व जीएफएस२ या व्यवस्था २००६ मध्ये लिनक्सच्या मुख्य गाभ्यात समाविष्ट झाल्या.

व्हीएमखाली एक लघुतबकडी अनेक प्रतींना केवळ वाचण्यासाठी देण्याची जुनी रीत लिनक्ससाठीही उपयोगी पडली. समान आज्ञावलींची एकच प्रत ठेवल्याने जागा वाचते आणि सुधारणा एका ठिकाणी करता येतात. तथापि येथेही सावधगिरी आवश्यक असते. वाचणाऱ्या प्रती चालू असताना मूळ तबकडी बदलल्यास, त्यांच्या स्मृतीतील जुना मजकूर व तबकडीवरील नवा मजकूर यांत विसंगती निर्माण होते. म्हणून सुधारित आज्ञावली नव्या तबकडीवर तयार करून वाचणाऱ्यांना एकेक करून तिकडे वळविणे अधिक सुरक्षित असते.

२०११ मध्ये व्हीएमच्या झेड/व्हीएम ६.२ या आवृत्तीने चार यंत्रप्रणालींचा समूह करून चालू स्थितीतील लिनक्स प्रत एका प्रणालीवरून दुसरीवर हलविण्याची सोय केली. प्रत हलते तेव्हा तिची स्मृती व चालू स्थिती जाते. तबकडी जागेवरच राहते. दोन्ही प्रणालींना तीच साठवण दिसत असेल आणि स्थलांतराच्या क्षणी लेखनाचा अधिकार एकाकडेच असेल, तरच हे शक्य होते. सामायिक साठवणीच्या शिस्तीचे हे एक चांगले उदाहरण आहे.

मूल्यमापन : २०१५ मध्ये आयबीएमने केवळ लिनक्ससाठी लिनक्सवन ही मेनफ्रेम यंत्रांची माला सादर केली. चॅनलचा जुना मार्ग व फायबर चॅनलचा नवा मार्ग हे दोन्ही तीवर उपलब्ध आहेत. पहिल्यात पत्ता सोपा, मार्गबदल यंत्राकडे व जतन परिचित. दुसऱ्यात आकारमान मोठे, समांतर क्रिया अधिक व इतर संगणकांशी समानता. फाइलींच्या देवघेवीसाठी एनएफएसचे महत्त्वही टिकून आहे. यांपैकी कोणता मार्ग निवडावा हे वेगापेक्षाही माहितीच्या मालकीवर अवलंबून ठेवणे श्रेयस्कर असते. एकच लिहिणारा असेल, तर त्याला स्वतंत्र विभाग द्यावा. अनेक वाचणारे असतील, तर तबकडी केवळ वाचण्यासाठी द्यावी. अनेक लिहिणारे असतील, तर त्यांच्यामध्ये सर्व्हर किंवा समूह फाइल-व्यवस्था असावी. सिस्टिम/३६० च्या काळी तबकडी राखून ठेवण्याच्या एका आज्ञेने सोडविलेला प्रश्न चाळीस वर्षांनी ओळखक्रमांक व कुलपे यांच्या रूपाने पुन्हा सोडवावा लागला. केबल, वेग व आकारमान यांत आमूलाग्र बदल होऊनही, लिहिणारा कोण हे आधी ठरलेले असावे, हा नियम मात्र बदललेला नाही.